मध्यान्ह उलटून गेल्यावर

पुणे

चि. चिऊस,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. त्याचं उत्तर फोनवर टाइप करण्यासारखं नाही, म्हणून कागद घेऊन बसले. विश्वात तारे जन्माला येण्याचा वेग दहा अब्ज वर्षांपूर्वी सर्वांत जास्त होता आणि तेव्हापासून तो घसरतोच आहे, असं तुमच्या सरांनी वर्गात सांगितलं आणि ते ऐकल्यापासून तुला उगाचच उदास वाटतंय. ‘म्हणजे आपण फार उशिरा आलो का गं आजी?’ असं तू विचारलंस.

उदास व्हायच्या आधी हिशेब तपासून घ्यावा, ही माझी मास्तरकीतली जुनी खोड. तेव्हा आपण हिशेबच तपासू. हा आलेख कुणी काढला, कसा काढला, तो का चढला आणि का उतरला, हे कळल्यावर मग वाटलं तर उदास हो.

पहिली गोष्ट म्हणजे विश्वाला इतिहास आहे, हेच एके काळी वादाचं होतं. १९४८ साली केंब्रिजमधल्या हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थितीचा सिद्धान्त मांडला. विश्व प्रसरण पावतं हे त्यांना मान्य होतं. पण दीर्घिका एकमेकींपासून दूर जाताना मधल्या जागेत नवं द्रव्य तयार होत राहतं, त्यातून नव्या दीर्घिका घडतात आणि विश्वाचं सरासरी रूप कायम तेच राहतं, असं ते म्हणत. अशा विश्वाला सुरुवात नाही, तारुण्य नाही आणि उतारवयही नाही. तिथे तुझा प्रश्न उद्भवलाच नसता.

त्याच केंब्रिजमध्ये मार्टिन राइल आकाशातले रेडिओ स्रोत मोजत होते. अंधुक, म्हणजे बहुतांशी दूरचे, स्रोत अपेक्षेपेक्षा फार जास्त निघाले. दूरचे म्हणजे जुन्या काळातले. तेव्हा जुन्या काळी विश्व आजच्यापेक्षा वेगळं होतं, असा राइल यांचा निष्कर्ष. १९६१ साली त्यांनी ही मोजणी पुढे आणली, तेव्हा हॉइल यांच्या बाजूने खिंड लढवायला त्यांचा एक तरुण विद्यार्थी उभा राहिला. तो कोल्हापुरात जन्मलेला आणि बनारसमध्ये वाढलेला होता. त्याचं नाव जयंत नारळीकर.

इकडे उटीजवळच्या एका डोंगरउतारावर गोविंद स्वरूप यांनी ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभारली. १९७० साली ती तयार झाली. चंद्र एखाद्या रेडिओ स्रोतासमोरून सरकताना त्या स्रोताच्या लहरी ज्या रीतीने अडवल्या जातात, त्यावरून स्रोताचा आकार काढता येतो. असे आकार मोजून स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ साली दाखवलं की, स्रोत जसजसे अंधुक होतात तसतसे ते ज्या प्रमाणात लहान दिसतात, त्याचा मेळ कधीच न बदलणाऱ्या विश्वाशी बसत नाही. दरम्यान १९६५ मध्ये विश्वाच्या बालपणातलं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलंच होतं. बहुतेक शास्त्रज्ञांसाठी वाद तिथेच निकाली निघाला. नारळीकर मात्र महास्फोटाच्या कल्पनेबद्दल अखेरपर्यंत साशंक राहिले आणि आपले आक्षेप छापून मांडत राहिले. पुढे त्यांनी आयुका ही खगोलसंस्था उभी केली. स्वरूप यांचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र (एनसीआरए) तिला लागूनच आहे. दोन्ही संस्था इथे गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात आहेत आणि आज दोन्हीकडे दीर्घिकांच्या इतिहासावर काम चालतं. कॉलेजला जाताना त्या रस्त्यावरून तू रोज बसने जातेस.

आता हा इतिहास वाचायचा कसा? प्रकाशाला यायला वेळ लागतो, हे तुला ठाऊक आहे. देवयानी दीर्घिका शहराबाहेरच्या अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसते. तिचा प्रकाश तिथून २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो. म्हणून लोक म्हणतात की दुर्बिणीतून भूतकाळ दिसतो. ते खरं आहे, पण त्यात एक मेख आहे. प्रत्येक दीर्घिका आपल्याला फक्त एकाच वयाची दिसते. दहा अब्ज वर्षांपूर्वीची एखादी निळसर, वेडीवाकडी दीर्घिका पुढे कशी झाली, हे आपल्याला कधीच पाहता येणार नाही आणि देवयानी लहानपणी कशी होती हेही पाहता येणार नाही. एकाही दीर्घिकेचं आयुष्य आपण पाहिलेलं नाही. हाती आहे ती वेगवेगळ्या काळातल्या वेगवेगळ्या दीर्घिकांची गर्दी. त्या गर्दीतून आयुष्याची गोष्ट जुळवायची, तर मध्ये तर्क लागतो आणि तर्काला भौतिकशास्त्राचा आधार लागतो.

हा आधार ज्यांनी पक्का केला, त्यांच्यातलं एक नाव तू लक्षात ठेवावंस असं मला वाटतं. ते म्हणजे बिआट्रिस टिन्सली. इंग्लंडमध्ये जन्म, न्यूझीलंडमध्ये शिक्षण आणि मग नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेतलं टेक्सास. तिथे १९६० च्या दशकात तिने पीएचडी केली. त्या काळी अ‍ॅलन सँडेज यांच्यासारखे मोठे खगोलशास्त्रज्ञ तेजस्वी दीर्घिकांचा उपयोग अंतर मोजायला करत. सगळ्या मूळच्या सारख्याच तेजस्वी, म्हणून अंधुक दिसेल ती दूरची, असा सरळ हिशेब. टिन्सलीने विचारलं की दीर्घिकेतले तारे म्हातारे होतात, मरतात, नवे जन्मतात, तर दीर्घिकेचं तेज आणि रंग कायम कसे राहतील? तिने गणित करून दाखवलं की हा बदल मुळीच किरकोळ नाही आणि तो धरला नाही तर अंतरांवरून काढलेली विश्वाची सगळी अनुमानं गडगडतात. ते मान्य व्हायला वेळ लागला. १९७८ मध्ये ती येल विद्यापीठात प्राध्यापक झाली आणि १९८१ मध्ये कर्करोगाने गेली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी. दीर्घिकेच्या प्रकाशावरून तिच्यातल्या ताऱ्यांची वयं आणि वजन काढण्याची जी रीत तुम्ही आज शिकाल, तिची पायाभरणी टिन्सलीने केलेली आहे.

त्या रीतीचा गाभा सोपा आहे. भारी वजनाचे तारे निळे, अतिशय तेजस्वी आणि अल्पायुषी असतात. ते काही दशलक्ष ते काही कोटी वर्षांतच संपतात. म्हणून कुठे निळा आणि जंबुपार प्रकाश भरपूर दिसला, तर तिथे तारे आत्ता-आत्ताच जन्मलेले असणार. सगळा प्रकाश तांबूस असेल, तर निळे तारे मरून गेलेत आणि नवे आलेले नाहीत. मृगातला तेजोमेघ आणि त्याच नक्षत्रातला लालसर काक्षी तारा आठव. पहिल्यात तारे आजही जन्मतायत, तर काक्षीसारखा भारी तारा आयुष्याच्या टोकाला आलाय. दीर्घिकेच्या एकत्रित प्रकाशात अशा सगळ्या वयांची बेरीज असते आणि त्या बेरजेतून एकेक पद वेगळं काढायचं असतं.

या मोजणीला खरा वेग आला तो १९९५ च्या डिसेंबरात. हबल दुर्बिणीचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे संचालक होते रॉबर्ट विल्यम्स. संचालकाच्या अखत्यारीत दुर्बिणीचा थोडा वेळ असतो. तो त्यांनी सप्तर्षींमधल्या एका जवळपास रिकाम्या ठिपक्यावर खर्च करायचं ठरवलं. त्यात काहीच दिसलं नाही तर नाचक्की होईल, असं जाणत्या लोकांनी बजावलंही होतं. हबल तेव्हा नुकतीच सदोष आरशाच्या बदनामीतून सावरत होती. तरी १८ ते २८ डिसेंबर, सलग दहा दिवस, दुर्बीण त्याच जागेवर रोखून धरली गेली आणि ३४२ छायाचित्रं एकावर एक रचली गेली. त्या इवल्याशा तुकड्यात सुमारे ३,००० दीर्घिका निघाल्या. मिळालेली सगळी माहिती विल्यम्स यांनी लगेच जगासाठी खुली केली.

वर्षभराच्या आत, १९९६ मध्ये, पिएरो मदाव आणि सहकाऱ्यांनी या माहितीवरून एक आलेख काढला. आडव्या अक्षावर विश्वाचा काळ आणि उभ्या अक्षावर विश्वाच्या ठरावीक घनफळात दरवर्षी किती वजनाचे तारे जन्मतात तो दर. सायमन लिली आणि इतरांनी जवळच्या काळातला भाग त्याच वर्षी मांडला होता. तुमच्या सरांनी फळ्यावर काढली असेल ती टेकडी हीच. आता तिचे आकडे नीट बघ. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. शिखर येतं ते विश्व साधारण साडेतीन अब्ज वर्षांचं असताना. त्या वेळचा दर आजच्या सुमारे नऊपट. खगोलशास्त्रज्ञ त्या काळाला विश्वाची मध्यान्ह म्हणतात. आपली आकाशगंगा आज वर्षाला जेमतेम एक-दोन सूर्यांच्या वजनाइतके तारे घडवते. मध्यान्हीच्या काळात शंभर किंवा त्याहून जास्त सूर्य घडवणाऱ्या दीर्घिका आजच्या मानाने कितीतरी अधिक होत्या.

हा आलेख पहिल्यांदा आला तेव्हा त्यात एक मोठी उणीव होती, ती म्हणजे धूळ. तारे जन्मतात तिथे कार्बन आणि सिलिकेटची बारीक धूळ असते. ती निळा आणि जंबुपार प्रकाश गिळते, तापते आणि तीच ऊर्जा अवरक्त लहरींत बाहेर टाकते. हबलला ते दिसत नाही. १९८३ मध्ये सोडलेल्या आयरास उपग्रहाने जवळपासच्या विश्वात अशा दीर्घिका दाखवल्या होत्या, ज्यांची बहुतेक सगळी ऊर्जा अवरक्तातच बाहेर पडते. मग १९९८ मध्ये हवाईतल्या मौना किया पर्वतावरच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीने मिलिमीटरहून किंचित लहान लहरींत नेमका तोच हबलचा ठिपका पाहिला. तिथे सर्वांत तेजस्वी जो स्रोत निघाला, त्याच्या जागी हबलच्या छायाचित्रात काहीच नव्हतं. त्या दीर्घिकेचं अंतर कळायला २०१२ साल उजाडलं. तिचा प्रकाश विश्व सव्वा अब्ज वर्षांचंही नव्हतं तेव्हाचा निघाला. हबलच्या सर्वांत गाजलेल्या छायाचित्रातला तारे घडवणारा सर्वांत मोठा कारखाना त्या छायाचित्रात नव्हताच. आज आपल्याला माहीत आहे की ताऱ्यांनी विश्वाच्या इतिहासात जेवढा प्रकाश टाकला, त्यातला जवळपास निम्मा धुळीने गिळून अवरक्तात परत टाकलेला आहे. स्पिट्झर, हर्शेल आणि चिलीतल्या आल्मा दुर्बिणींनी तो हिशेबात आणला, तेव्हा टेकडीची उंची पक्की झाली.

आता खरा प्रश्न येतो. टेकडी का उतरते? तारे हायड्रोजनपासून बनतात, तेव्हा हायड्रोजन कुठे गेला हे शोधायला हवं. इथे मला विहिरीचा दाखला सुचतो. विहिरीत पाणी किती, हा एक आकडा. रोज उपसा किती, हा दुसरा. आणि झऱ्यातून आत येतं किती, हा तिसरा. दीर्घिकेतला वायू म्हणजे पाणी, ताऱ्यांचा जन्म म्हणजे उपसा, आणि बाहेरच्या विरळ अवकाशातून कृष्णद्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने ओढला जाऊन आत येणारा वायू म्हणजे झरा. नुसता उपसा मोजून विहिरीचं भविष्य सांगता येत नाही. बराच काळ खगोलशास्त्रज्ञांकडे फक्त उपशाचा आकडा होता.

२०१० मध्ये लिंडा टॅकोनी आणि सहकाऱ्यांनी फ्रान्सच्या आल्प्समधल्या दुर्बिणींनी मध्यान्हीच्या सुमाराच्या सर्वसाधारण दीर्घिकांमधला रेणुरूप वायू मोजला. ताऱ्यांच्या तुलनेत तो आजच्या मोठ्या सर्पिल दीर्घिकांपेक्षा ३ ते १० पट जास्त निघाला. म्हणजे उपसा मोठा होता, कारण पाणीही भरपूर होतं. तारे घडवण्याची काही अजब युक्ती तेव्हाच्या दीर्घिकांकडे होती असं मानायची गरज उरली नाही. पण रेणुरूप वायू बनतो तो अणुरूप हायड्रोजनपासून, आणि अणुरूप हायड्रोजन २१ सेंटिमीटरच्या रेडिओ लहरीत अत्यंत क्षीणपणे बोलतो. इतक्या दूरच्या एकट्या दीर्घिकेचा तो आवाज सहसा ऐकूच येत नाही.

तो ऐकला गेला आपल्या जुन्नर तालुक्यात. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, सर्वांत दूरच्या दोघींमधलं अंतर २५ किलोमीटर. आठ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली २१ सेंटिमीटरची लहर विश्वाच्या प्रसरणात ताणली जाऊन आपल्यापर्यंत सुमारे ४२ सेंटिमीटरची होऊन पोचते. त्या लहरींसाठी सुधारलेल्या जीएमआरटीवर आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि बंगळुरूचे शिव सेठी व के. एस. द्वारकानाथ यांनी ७,६५३ दीर्घिकांच्या जागांवरून आलेले संकेत एकत्र बेरजेला घेतले. एकटीचा आवाज गोंगाटात हरवतो, पण हजारोंच्या बेरजेत गोंगाट एकमेकाला मारतो आणि संकेत उरतो. २०२० च्या ऑक्टोबरात ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आला. त्या दीर्घिकांमध्ये हायड्रोजन भरपूर होता, पण ज्या वेगाने त्या तारे घडवत होत्या त्या वेगाने तो एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. झरा चालू असता तर वेग टिकला असता. तो टिकला नाही. म्हणजे उपशाला पुरेल एवढा वायू बाहेरून येईनासा झाला आणि ताऱ्यांचा जन्मदर उतरू लागला. जीएमआरटीचे शिल्पकार गोविंद स्वरूप त्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबरात गेले.

झरा का आटला याची कारणं अनेक आहेत आणि सगळी अजून जुळलेली नाहीत. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे आसपासचा वायू विरळ होत गेला. मोठ्या दीर्घिकांभोवतीचा वायू इतका तापला की तो थंड होऊन खाली पडेना. आणि तिसरं कारण दीर्घिकांच्या पोटात आहे. जवळजवळ प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या केंद्रात अजस्र कृष्णविवर असतं. आपल्या आकाशगंगेतलं सूर्याच्या सुमारे ४० लाखपट वजनाचं आहे आणि सध्या शांत आहे. पण कृष्णविवरात वायू कोसळू लागला की तो कोसळताना इतकी ऊर्जा बाहेर टाकतो की उरलेला वायू तापतो किंवा उधळला जातो. अशा भुकेल्या कृष्णविवरांना आपण क्वेसार म्हणतो. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी पहिल्या क्वेसारचं अंतर ओळखलं. क्वेसारांची भरभराटही ताऱ्यांच्या जन्माच्या त्याच मध्यान्हीला झाली. दोघांचं अन्न एकच, तेव्हा यात नवल नाही.

याचा परिणाम आजच्या विश्वात स्पष्ट दिसतो. स्लोन सर्वेक्षणाने लाखो दीर्घिका मोजल्या, तेव्हा त्यांचे सरळ दोन गट पडले. तारे घडवणाऱ्या निळसर आणि ते काम थांबवलेल्या तांबूस. मधल्या छटेच्या थोड्याच. त्यातही सर्वांत मोठ्या दीर्घिकांनी सर्वांत आधी तारे घडवले आणि त्याच सर्वांत आधी थांबल्या. लहान दीर्घिका अजून सावकाश काम करतायत. आधी लहान बनतं आणि मग मोठं, या भाबड्या अपेक्षेला इथे धक्का बसतो. कृष्णद्रव्याचे गोळे लहानापासून मोठे होत गेले हे खरं, पण त्यांच्यातल्या ताऱ्यांची वयं उलट क्रम सांगतात.

मग आली जेम्स वेब दुर्बीण. २०२१ च्या नाताळच्या दिवशी उडालेली आणि अवरक्तात पाहणारी. टेकडीच्या चढणीची सुरुवात, म्हणजे पहिला अब्ज वर्षांचा काळ, तिने उजेडात आणला आणि तिथे बरंच अनपेक्षित सापडलं. २०२४ मध्ये जाहीर झालेली एक दीर्घिका विश्व जेमतेम ३० कोटी वर्षांचं असतानाची आहे. पुढच्याच वर्षी आल्माने तिच्यात ऑक्सिजन दाखवला. महास्फोटात ऑक्सिजन बनत नाही. तो ताऱ्यांच्या पोटात बनतो. म्हणजे त्या दीर्घिकेत तेवढ्या वेळातही ताऱ्यांची निदान एक पिढी जन्मून मरून गेली होती. दुसरी एक दीर्घिका विश्व ७० कोटी वर्षांचं असतानाच तारे घडवणं थांबवून बसलेली दिसली. इतक्या लवकर तिचा वायू कुणी संपवला, यावर आज जोरदार वाद चालू आहेत.

अशीच एक अनपेक्षित दीर्घिका पुण्याने शोधली. एनसीआरएमधल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना वेबच्या छायाचित्रांत विश्व दीड अब्ज वर्षांचं असतानाची एक दीर्घिका मिळाली. दोन रेखीव बाहू असलेली, सुमारे ३०,००० प्रकाशवर्षं रुंद, नीटस सर्पिल. त्यांनी तिला अलकनंदा नाव दिलं. २०२५ च्या नोव्हेंबरात ही बातमी आली. ती आकाशगंगेच्या सुमारे वीसपट वेगाने तारे घडवत होती. त्या काळच्या दीर्घिका गुठळ्यागुठळ्यांच्या आणि अस्ताव्यस्त असतात, असं आम्ही वर्गात शिकवत असू. इतकी शिस्तशीर चकती इतक्या लवकर कशी जमली, हे समजावून सांगणारं संगणकी प्रारूप आता लोकांना शोधावं लागणार आहे.

आता तुझ्या उशिराकडे येते. मदाव आणि मार्क डिकिन्सन यांनी २०१४ मध्ये सगळी मोजमापं एकत्र करून जमाखर्च मांडला. आज विश्वात जेवढे तारे आहेत, वजनाने, त्यातले शिखर येण्यापूर्वी घडले फक्त सुमारे २५ टक्के. बाकीचे तीन चतुर्थांश उतरणीवर घडले. तू वेग पाहिलास आणि एकूण संख्या विसरलीस. वेग कमी होत होता, पण उतार लांब होता. विश्वाच्या वयाच्या अलीकडच्या अर्ध्या भागातही आणखी २५ टक्के घडले आहेत.

त्या उतरणीवरच आपला सूर्य आहे. त्याचं वय ४.६ अब्ज वर्षं. म्हणजे तो जन्मला तेव्हा शिखर ओलांडून साडेपाच अब्ज वर्षांहून जास्त काळ लोटला होता. तो मध्यान्हीला जन्मला असता तर चाललं नसतं का, असं तू विचारशील. तारा झाला असता. पण त्याच्याभोवती खडकाळ ग्रह बनायला सिलिकॉन, लोह आणि ऑक्सिजन लागतो, आणि तो आधीच्या पिढ्यांनी आपल्या पोटात शिजवून, फुटून, वायूत मिसळावा लागतो. ते सगळीकडे एकाच वेळी झालं नाही. दाटीच्या जागी आधी झालं, आपल्यासारख्या कडेच्या वस्तीत सावकाश. शिवाय मध्यान्हीच्या सुमारास, साधारण दहा अब्ज वर्षांपूर्वी, आकाशगंगेवर एक लहान दीर्घिका येऊन आदळली होती. गाया उपग्रहाने मोजलेल्या ताऱ्यांच्या गतींवरून अमीना हेल्मी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ती टक्कर उलगडली. तिचे तारे आजही आपल्याभोवती उलट्या-सुलट्या वाटांनी फिरताहेत. त्यानंतरचा काळ आपल्याकडे बराच शांत गेला. तुझ्या रक्तातलं लोह त्या आधीच्या गजबजलेल्या पिढ्यांचं आहे आणि ते वापरायला मिळालेली स्वस्थता या उताराची.

आणि बघणाऱ्याच्या दृष्टीने विचार कर. विश्वाचं प्रसरण वेगाने वाढतंय. लॉरेन्स क्रॉस आणि रॉबर्ट शेरर यांनी २००७ मध्ये गणित मांडलं की शंभरेक अब्ज वर्षांनी जवळच्या दीर्घिका एकरूप होऊन बनलेल्या दीर्घिकेपलीकडे काहीच दिसणार नाही. तेव्हाच्या खगोलशास्त्रज्ञाला ही टेकडी काढता येणार नाही. कदाचित त्याला कधीच न बदलणाऱ्या विश्वाची कल्पना पटेल आणि ती खोडून काढायला हाताशी पुरावा नसेल. उलट मध्यान्हीला कुणी असतं, तर त्याला फक्त चढण दिसली असती. उतार अजून व्हायचा होता. चढण, शिखर आणि उतार तिन्ही एकाच आकाशात पाहता येतात, ती ही वेळ आहे. तेव्हा उशिराची तक्रार मला मान्य नाही.

आता थोडं कामाचं. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला जीएमआरटीवर प्रदर्शन भरतं. गावोगावची शाळकरी मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात आणि शास्त्रज्ञ त्यांच्याशी बोलायला उभे असतात. तू जा आणि एकच प्रश्न घेऊन जा. वायू मोजला, तारे मोजले, आता झरा थेट कसा मोजणार? दीर्घिकेत बाहेरून पडणारा वायू फार विरळ आणि क्षीण असतो. त्याचा पुरावा आजवर बहुतांशी आडवळणानेच मिळतो. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभी राहत असलेली एसकेए वेधशाळा, जिच्यात भारतही भागीदार आहे, या कामात उपयोगी पडेल.

त्यासाठी लागणारी दोन हत्यारं आत्ताच धारदार कर. एक संख्याशास्त्र, कारण ७,६५३ क्षीण आवाजांच्या बेरजेवर विश्वास का ठेवायचा हे त्याशिवाय कळत नाही. दुसरं पायथन, कारण वेबची बरीच माहिती जगातल्या कुणालाही फुकट उतरवून घेता येते आणि अलकनंदा अशाच खुल्या माहितीत सापडली. कळफलकापुढे बसून दीर्घिका शोधायला तुला कुणाची परवानगी लागत नाही.

सेमिस्टर संपलं की ये. तोवर तुझा पहिला आलेख काढून पाठव. कुठल्याही दीर्घिकांचा चालेल, फक्त अक्षांवर एककं लिहायला विसरू नकोस.

तुझी,
आजी